बेळगावातल्या एकांकिकेसाठी हेरपटातल्यासारखा खलनायक कसा लिहावा?

आधी त्याचं ओरडणं काढून टाका. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये मारेकरी ग्रँट सभ्य इंग्रज बनून रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये माशाबरोबर रेड वाइन मागवतो; खऱ्या सभ्य इंग्रजानं व्हाइट मागवली असती. बाँडला त्याचा अर्थ लागतो तो पिस्तूल रोखलं गेल्यावर! सगळी मजा या उशिरात आहे.

तुमच्याकडे स्वतःला गोकाकचा म्हणवणारा पाहुणा सहज बोलून जाऊ दे, "आमच्या गावचा कुंदा खाऊन बघा." मिठायांत कुंदा बेळगावचा, गोकाकचा करदंट, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मात्र त्या वाक्यावर कुणी चमकायचं नाही, पार्श्वसंगीतही नको. नाहीतर प्रेक्षक तिथंच ओळखतात आणि पुढचा प्रसंग पडतो. उलगडा निदान दहा मिनिटांनी, तोही नायक एकटा सापडल्यावर.