ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडांची घनता वाढवायला कोणती साधनं आणि कोणत्या गोळ्या घ्याव्यात?

तुमच्या आईंचा मणक्याचा टी-स्कोअर (हाडांची घनता तरुण निरोगी माणसाच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा; उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं विरळ होणं) उणे 2.8 आलाय आणि घरात व्हायब्रेशन मशीन (उभं राहिल्यावर थरथरणारा पाट) घ्यायचं घाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मशीनवर आत्ता पैसे घालवू नका. नुसतं त्यावर उभं राहून हाडं भरून येतात, असा भरवशाचा पुरावा नाही.

हाडाला ताण लागतो, आणि तोही हळूहळू वाढत जाणारा. रोज सकाळी अजिंक्यतारा चढणाऱ्या बायकासुद्धा असे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात आणि हिरमुसतात. चालणं चांगलंच, ते सोडू नये, पण मणक्याला तेवढं पुरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीत पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठवड्यातून 2 दिवस, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली. 8 महिन्यांत त्यांच्या मणक्याची घनता सुमारे 3 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. अर्थात हे सगळं जाणकाराच्या नजरेखाली झालं. आईंना एकदम वजन उचलायला लावू नका.

सुरुवातीला एक भक्कम खुर्ची, रबरी पट्टा आणि साधी काठी पुरे. यातली काठी मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती पाठीवर उभी धरायची, अशी की डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकेल. मग गुडघे किंचित सैल सोडून कमरेखालचा भाग मागे न्यायचा, जणू मागच्या भिंतीला टेकवायचाय. काठी एका जरी जागी सुटली, तर पाठ वाकली असं समजा. हे जमल्याशिवाय हातात वजन द्यायचं नाही. पाण्याची बादलीही आईंनी पुढे याच पद्धतीने उचलावी.

बागेतल्या योगवर्गाला जात असतील तर पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं आणि पोटासाठीचे सिट-अप बंद करा. मेयो क्लिनिकच्या 1984 च्या अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या बायकांमध्ये मणक्याची नवी फ्रॅक्चर्स पाठ ताणणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसली होती. शिकवणाऱ्यांना रिपोर्ट दाखवा, संकोच करू नका.

आता गोळ्या. कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम व्हावं. मोठा ग्लासभर दुधातून 300 च्या आसपास मिळतं, 100 ग्रॅम नाचणीच्या पिठातून त्याहून थोडं जास्त. आधी हा हिशेब करा, उरलेलंच गोळीतून द्या, तेही एका वेळी 500 पर्यंत. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती आणि कॅल्शियम यांत 4 तासांचं अंतर हवं. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची आठवड्याची पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढेच आठवडे; मनाने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

आणि उणे 2.8 टी-स्कोअरला कॅल्शियम व ड एवढ्यावर भागत नाही. हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. अ‍ॅलेंड्रोनेट दिलं तर ते सकाळी अनशापोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही.

पाठीत अचानक कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर व्यायाम थांबवून आधी मणक्याचा एक्स-रे काढा.