वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात रुजू होणाऱ्या तरुणास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात झाल्याचे समजले. यंत्रसामग्रीविषयी तुला शिकवण्यासारखे माझ्यापाशी थोडेच आहे. पण ज्या लोकांच्या तक्रारी तू ऐकणार आहेस, त्यांनी काय काय पाहिले आहे, ते जाणून घे.

गावात तुझ्या खात्याला अजून 'केईबी', म्हणजे कर्नाटक वीज मंडळ, म्हणतात. १९५७ सालच्या त्या मंडळाची जागा १९९९ मध्ये नव्या महामंडळाने घेतली आणि २००२ पासून आपल्याकडील वितरण हेस्कॉम ही हुबळीची वीज कंपनी करते. तरी म्हाताऱ्यांची चूक काढत बसू नकोस. आपल्याच जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्याची गोष्ट निराळी. तेथे १९६९ सालची वीज सहकारी संस्था आजही वीज पुरवते, हे मला विशेष वाटते.

खरा बदल झाला तो फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य लाईन, वेगळे झाल्याने. पूर्वी घरे आणि शेतीपंप एकाच ११ केव्ही लाईनवर असत. पंपाला लागणारा थ्री फेज पुरवठा ठराविक तासच मिळे, उरलेल्या वेळी कोणी सिंगल फेजवर जुगाड करून मोटर ओढली की साऱ्या गल्लीतले दिवे मंदावत आणि अखेर टीसी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळे. 'निरंतर ज्योती' योजनेत गावठाणाची लाईन स्वतंत्र झाली, तेव्हा घरातला अंधार कमी झाला. पंपांना मात्र अजूनही वेळापत्रकच आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात थ्री फेजची पाळी रात्री आली, तर शेतकऱ्याला अस्वलाच्या वाटेवरून मोटर चालू करायला जावे लागते, हे पाळ्या ठरवणाऱ्यांच्या कानावर तू घालत राहा.

बिल कन्नडमध्ये असते, म्हणून खिडकीवर आलेल्या आजीला ते मराठीत समजावून सांग. सरकारच्या मोफत विजेच्या 'गृहज्योती' योजनेत २०० युनिट सरसकट माफ आहेत असा समज आहे. प्रत्यक्षात सवलत त्या घराच्या २०२२-२३ मधील सरासरी वापराशी बांधलेली आहे आणि २०० च्या वर गेल्यास पूर्ण बिल येते. हे आधी सांगितले, तर भांडणे टळतील.

एक गोष्ट मात्र आमच्या काळात क्वचितच होती. आता दुकानोदुकानी जनरेटर आणि घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि जोडणी चुकली की त्यांचा करंट उलटा लाईनवर येतो. म्हणून एलसी, म्हणजे लाईन बंद करून दिलेली कामाची परवानगी, हाती असली तरी लाईन टेस्ट करून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याखेरीज कोणालाही खांबावर चढू देऊ नकोस, मग खाली माणसे कितीही ओरडोत.

तुझा,
काका