डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून गुलमर्गला स्की-सीझनचं काम धरावं का?

धरा, पण डिसेंबरची कमाई स्कीइंगच्या भरवशावर मोजू नका. तिथला खरा हंगाम बहुतेकदा जानेवारीत उभा राहतो. मोठा बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो, आणि ते काही कॅलेंडर बघून येत नाहीत. ‘चिल्लई कलान’ हे कडाक्याच्या थंडीचे 40 दिवसच मुळी 21 डिसेंबरला सुरू होतात. 2024 चा जानेवारी तर जवळजवळ कोरडाच गेला, बर्फ आला महिनाअखेरीस. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. भाड्याने स्की देणाऱ्या दुकानात मी दोन हिवाळे काढलेत: बर्फ नसला की दिवसभर बूट पुसा, स्कीला मेण लावा, आणि रोजंदारी अर्धी. त्यामुळे होकार देण्याआधी एवढं विचाराच:

- बर्फ नसलेल्या दिवसाचे पैसे किती?
- राहणं-जेवण त्यातच की वेगळं?

हॉटेलातलं काम असेल तर मात्र खुशाल लवकर जा. नाताळ-नववर्षाची गर्दी गोंडोलासाठी (तिथल्या केबल कारसाठी) येतेच, उतार पांढरे असोत वा मातकट.