स्पॅनिशमधलं ‘उठायचो, झोपायचो’

घाबरू नकोस, जुन्या सवयी सांगणारा हा भूतकाळ (इम्परफेक्ट) स्पॅनिशमधला त्यातल्या त्यात गरीब आहे. ‘लेवान्तारसे’ (उठणे) घे. शेवटचा ‘से’ सुटा कर, कर्त्याप्रमाणे बदल आणि क्रियापदाच्या आधी ठेव. मग ‘आर’ काढून ‘आबा’ लाव:

मे लेवान्ताबा (मी)
ते लेवान्ताबास (तू)
से लेवान्ताबा (तो, ती)
नोस लेवान्ताबामोस (आम्ही)
से लेवान्ताबान (ते)

शेवटी ‘एर’, ‘इर’ असलेल्या क्रियापदांना ‘आबा’ऐवजी ‘ईआ’. वर्तमानातलं ‘मे दुएर्मो’ (मी झोपतो) इथे साधं ‘मे दोर्मीआ’ होतं. नवे लोक ‘दुए’ उगाच ओढत आणतात. त्याहून जास्त चुकतं ते ‘मे’ गाळणं. नुसतं ‘लेवान्ताबा’ म्हणजे काहीतरी उचलायचो!

पहाटे उठून तलावपाळीला फिरायला जायचो, ही सवय: मे लेवान्ताबा. काल पाचला उठलो, तिथे मे लेवान्ते. अनियमित क्रियापदं तीनच, ती पुढच्या आठवड्यात बघ.