पोराचा स्पीड वाढत नाही, काय करू?

प्रश्न: सर नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. पोरग्याला १२ संपून आता तेरावं लागेल. गल्लीत टेनिस बॉलवर सगळ्यांच्या दांड्या उडवायचा म्हणून यंदा बेळगावात कोचिंगला घातलंय, शनिवार-रविवार बसनं घेऊन येतो. पण सीझन बॉल (कातडी, कडक बॉल) हातात आल्यापासून स्पीडच गेला बगा, त्याच्याच वयाची उंच पोरं त्याच्यापेक्षा फास्ट टाकुलालीत. मेव्हणे म्हणतात डंबेल्स आण आणि रोज ६०-७० बॉल पूर्ण जोरात टाकायला लाव. करू का? रात्री कंबर दुखते म्हणतो, पण ते प्रॅक्टिसमुळंच असेल.

उत्तर: काका, तुमची शेवटची ओळ मी आधी घेतो. आज रात्री त्याला विचारा, नेमकं कुठं दुखतं ते बोट ठेवून दाखव. उजव्या हातानं टाकत असेल आणि बोट डाव्या बाजूला, खाली, एकाच जागी जात असेल, मागं वाकलं की जास्त कळ येत असेल तर बॉलिंग बंद आणि सरळ हाडांच्या डॉक्टरकडं. या वयात मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, सारखं टाकून टाकून त्याला बारीक तडा जातो, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याला, आणि तो साध्या एक्स-रेत बऱ्याच वेळा दिसत पण नाही, एमआरआय करायला लागतो. मी स्वतः सोळाव्या वर्षी शीर धरलीय म्हणून बाम चोळत टाकत राहिलो आणि पुढचा अख्खा सीझन बाउंड्रीबाहेर बसून स्कोअर लिहिला.

म्हणून ते रोज ६०-७० बॉल नकोत. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं १३ वर्षांपर्यंतच्या फास्ट बॉलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ५ ओव्हर आणि दिवसात १० एवढीच लिमिट घातलीय, म्हणजे ६० बॉल ही दिवसाची हद्द झाली, रोजचा रतीब नव्हे, आपल्याकडं पोरगं सकाळी मॅच खेळतं, दुपारी नेटमध्ये आणि संध्याकाळी परत गल्लीत, ते कोण मोजतंय!

आता स्पीड. आधी बॉल कुठला देतात ते बघा. मोठ्यांचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, १३ खालच्या पोरांचा १३३ ते १४४. टेनिस बॉल नुसत्या हाताच्या झटक्यानं जातो ओ, सीझन बॉलला सगळं अंग लागतं. सायकल जोरात असताना पुढचा ब्रेक दाबला की माणूस कसा हँडलवरून पुढं जातो, तसंच रनअपचा, म्हणजे धावत येतानाचा, वेग पुढच्या पायावर अडतो आणि वरचं अंग, मग हात, मग बॉल फेकला जातो. आपल्या लाल मातीवर हे बघायला सोपं आहे, तो टाकून गेला की क्रीजवर जाऊन पुढच्या पायाचा ठसा बघा. टाच नीट उमटलीय आणि ठसा बॅट्समनकडं तोंड करून आहे तर बरं. घसरत गेल्यासारखा लांबट असेल नाहीतर पार बाजूला वळला असेल तर जोर तिथंच सांडतोय. पण म्हणून गुडघा ताठ ठेव, ताठ ठेव असं ओरडू नका, ती ताकद वयाबरोबर येते.

दुसरं म्हणजे रनअप. बरीच पोरं लांबून धावत येतात आणि क्रीजजवळ आली की ब्रेक लावतात. १०-१२ पावलं पुरे, शेवटची ४-५ सगळ्यात जोरात. डावा हात वर जाऊन जोरात खाली ओढला जातोय का ते पण बघा.

डंबेल्सचं मेव्हण्यांना सांगा, थांबा जरा. उठाबशा, प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग ताठ धरणं), एका पायावर उड्या, २० मीटरच्या ५-६ स्प्रिंट, मधे नीट दम खाऊन, एवढं बास. राजहंसगड चढवायचा तर चढवा, दम वाढेल, स्पीड नाही, वर वाऱ्यात बसून शेंगा खायला मात्र मजा येते.

उंच पोरांचं म्हणाल तर काहींची वाढ लवकर होते, तुमच्या पोराची अजून व्हायचीय. बेळगावचाच रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजीत फास्ट बॉलिंग टाकून गेला, हे त्याला सांगा, खूश होईल.

आणि स्पीड मोजायचाच असेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूनं शूट करा. हातातून सुटल्यापासून बॅट्समनच्या क्रीजपर्यंत साधारण १७.७ मीटर, त्याला पाऊण सेकंद लागला तर सरासरी ताशी ८५ किलोमीटर पडतात. पण महिन्यातून एकदाच हं, आणि कंबरेचं आधी मिटू दे.