मुख्याध्यापकांनी सही दिली आहे, मग पालकांची संमती कशाला?

तुम्ही विचारलंय, प्रबंधासाठी गोव्यातल्या फोंड्याच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांकडून 'घरातली भांडणं आणि मुलांची चिंता' यावर प्रश्नावली भरून घ्यायची आहे, तर मुख्याध्यापकांची सही पुरेल का आणि मुलांना गुप्ततेची हमी देता येईल का.

सही पुरत नाही. मुख्याध्यापक तुम्हाला वर्गात जाऊ देतात, मुलाच्या वतीनं संमती देत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जोखीम किमान असेल तर एका पालकाची संमती चालते. आठवी-नववीच्या मुलाची स्वतःची अनुमतीही लेखी हवी. "नको असेल तरच चिठ्ठी परत पाठवा" ही गाईड (प्रबंधाचे मार्गदर्शक) मंडळींची लाडकी पळवाट मला साफ नामंजूर आहे. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते आणि परत न आलेली प्रत्येक चिठ्ठी होकारात धरली जाते. नमुना लहान होईल म्हणतात. होऊ दे की! पत्रक मराठी-कोकणीत द्या. वडील बोटीवर असतील तर आईची सही घ्या. आणि विषय 'कौटुंबिक वातावरण' असा गुळगुळीत लिहू नका. बापाच्या दारूवर प्रश्न असेल तर तसंच लिहा. मग नेमकी त्याच घरांतून सही येणार नाही, हे खरं दुखणं आहे. त्यासाठी पालक-संमतीतून सूट मागता येते, पण ती द्यायची की नाही हे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी एथिक्स कमिटी ठरवते, गाईड नव्हे.

गुप्ततेची सरसकट हमी देऊच नका. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ही मर्यादा मुलाला पहिल्या प्रश्नाआधी सांगा, उत्तर लिहून झाल्यावर नव्हे.

आता निनावी फॉर्मचं. त्यात 'मरून जावंसं वाटतं' यावर खूण झाली, तर ते मूल शोधायचं कसं? म्हणून फॉर्मवर फक्त क्रमांक घाला, नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवा. गठ्ठा घरी न्यायचा नाही. शाळा सुटायच्या आत तेवढा एक प्रश्न प्रत्येक फॉर्मवर बघायचा, खूण असेल तर त्याच दिवशी समुपदेशकाला गाठायचं. बांबोळीच्या मनोरुग्णालयात मुलांना कुणी बघायचं, हे आधीच बोलून ठेवा. भरताना वर्गशिक्षक बाहेर, बाकावर एकच मूल. ज्याला भरायचं नाही त्यानंही कोरा फॉर्म त्याच लिफाफ्यात टाकावा, म्हणजे शेजाऱ्याला पत्ता लागत नाही.

प्रबंधात गावाचं नाव नको, तालुकाही टाळलात तर बरं. 'वडील बोटीवर, आई-वडील विभक्त, नववीतली मुलगी' एवढ्यावर अख्खा वाडा तिला ओळखतो.

एक राहिलंच: प्रश्नावलीत नुसत्या अभ्यासाच्या सवयी असतील तर एवढा पसारा लागणार नाही, पण पालकांची सही तेव्हाही चुकत नाही.