संशयी, संशयवादी की चिकित्सक?

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न: भुताखेताच्या गोष्टीवर लगेच विश्वास न ठेवता पुरावा मागणाऱ्याला 'संशयवादी' म्हणायचं का? त्यांनी घरी तसं म्हटलं, तर सासूबाईंना वाटलं, सून स्वतःला संशयी म्हणवून घेतेय.

सासूबाईंचा कान बरोबर आहे. आजच्या मराठीत संशय घेतला जातो तो माणसावर: नवऱ्याचा बायकोवर, पोलिसांचा गड्यावर. एखाद्या गोष्टीच्या खरेपणाबद्दल आपल्याला शंका येते. त्यात गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति' लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे हा शब्द आणखी बदनाम झाला.

न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, मात्र त्याला मान होता. ते शास्त्र मांडणाऱ्या गौतमाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशय येतो, कारण तो आल्याशिवाय शोधच सुरू होत नाही. आणि त्याचं ठरलेलं उदाहरण बघा: अंधुक उजेडात काहीतरी उभं दिसतं, 'स्थाणुर्वा पुरुषो वा', खोड की माणूस? तिन्हीसांजेला उसाच्या फडाकडेला भूत दिसलं म्हणणाऱ्याचा अनुभव अगदी हाच! अर्धवट दिसणाऱ्या आकारात माणूस, चेहरा शोधण्याकडे आपल्या मेंदूचा कल असतो. मानसशास्त्रात याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं: खोडाला माणूस समजून दचकलो तर फारसं बिघडत नाही, दबा धरलेल्या माणसाला खोड समजलो तर जिवावर बेततं. म्हणून दिसल्याचं सांगणारा खोटं बोलत नसतो. काय दिसलं, याचा निकाल त्याच्या मनाने घाईने लावलेला असतो. तो निकाल जरा थांबवून धरणं म्हणजे संशय.

बेळगावात आणखी एक गुंता आहे, 'अनुमान'चा. कन्नडमध्ये रोजच्या बोलण्यात अनुमान म्हणजे संशय. मराठीत धूर पाहून विस्तव ओळखणं ते अनुमान. शेजारच्या कन्नड काकूंना एखाद्या भगताबद्दल 'अनुमान' असेल, तर त्यांनी निष्कर्ष काढलाय असं समजू नका.

माझी पसंती 'चिकित्सक'ला. चिकित्सा आणि विचिकित्सा एकाच 'कित्' धातूचे: पहिलीचा अर्थ उपचार, दुसरीचा शंका. कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो तो प्रश्नही हाच: मेल्यावर माणूस उरतो की नाही, याबद्दल माणसांत असलेली 'विचिकित्सा'. भुताच्या वादाचं मूळ तिथेच आहे. भाजी निवडणाऱ्या बाईला आपण चिकित्सक म्हणतो, त्यात थोडा चोखंदळपणाचा ठपका आहे, तो मला चालतो.

कर्नाटकातले राजकारणी सतीश जारकीहोळींनी २०१४ साली ६ डिसेंबरला बेळगावातल्या सदाशिवनगरच्या स्मशानात रात्र काढली. 'तिथे भूत नाहीच' एवढं घरात बसून सांगणारा अश्रद्ध असेल. जाऊन, बघून मग बोलणाराच चिकित्सक. त्यामुळे दोघांना एकच शब्द लावू नये.

आणि ताई, घरात यातला कुठलाच शब्द स्वतःला न लावता सरळ म्हणा, 'मला याची शंका आहे, आधी खात्री करून घेऊया.'